तरुण काळजाचा चुकलेला ठोका

हृदयविकार म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, सिगारेटचे पाकीट खिशात बाळगणारा गृहस्थ. दोन-दोन पायऱ्या एका दमात चढणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलाला हृदयाचे दुखणे असेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. असा मुलगा 'छातीत धडधडते' म्हणाला, तर घरचे म्हणतात, 'रात्रीची जागरणे कमी कर.' मुलगी तेच म्हणाली, तर 'अभ्यासाचे फार मनावर घेतलेस' किंवा 'रक्त कमी असेल, खजूर खा' असा सल्ला मिळतो. बहुतेक वेळा घरच्यांचा अंदाज खराही ठरतो. पण काही थोड्या घरांत ही धडधड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लपून बसलेल्या दुखण्याची पहिली हाक असते. ती वेळीच ऐकली, तर एका माणसाचाच नव्हे, त्याच्या भावंडांचा आणि मुलाबाळांचाही जीव वाचू शकतो.

बंगळूरच्या दक्षिणेला होसूर रस्त्याने निघाले की आनेकल तालुका लागतो. नाचणीची शेते आणि रेशमाचे माग ही या भागाची जुनी ओळख. आता जिगणी, अत्तिबेले, बोम्मसंद्र येथे कारखाने उभे आहेत आणि जवळच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत देशभरातून, महाराष्ट्रातूनही आलेली हजारो तरुण मुले संगणकासमोर बसतात. याच तालुक्यात, बोम्मसंद्र येथे, डॉ. देवी प्रसाद शेट्टी यांनी २००० साली नारायण हृदयालय स्थापन केले. हृदयाच्या दुखण्यासाठी दूरदूरच्या राज्यांतून माणसे येथे येतात. म्हणजे एकाच तालुक्यात एकीकडे रात्रपाळी करणारी, चहा-कॉफीवर जागणारी तरुण मंडळी आणि दुसरीकडे हृदयाची अद्ययावत तपासणी, असे दोन्ही आहे. तरीही या दोहोंची गाठ पडते ती बहुधा उशिराच. कारण अंतर रस्त्याचे नसते, 'या वयात कसले आले हृदयाचे दुखणे' या समजुतीचे असते.

ठोक्याचा ताल कसा बिघडतो?

हृदयाचे चार कप्पे. वरचे दोन कर्णिका, खालचे दोन जवनिका. उजव्या कर्णिकेच्या भिंतीत पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेची अतिसूक्ष्म ठिणगी टाकतो. ही ठिणगी आधी वरच्या कप्प्यांत पसरते, मग मधल्या एका चौकीवर क्षणभर थांबते आणि नंतर खालच्या कप्प्यांत उतरते. कप्पे त्याच क्रमाने आकुंचन पावतात. मनगटावर बोटांना लागते ती नाडी या शिस्तीतूनच उमटते.

'एट्रियल फिब्रिलेशन' या विकारात ही शिस्त मोडते. वरच्या कप्प्यांत एका ठिणगीऐवजी मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे ठिणग्या सैरावैरा धावू लागतात. कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. मधली चौकी त्यातल्या जमतील तेवढ्या ठिणग्या खाली सोडते आणि नाडी कधी भरभर, कधी थांबून, कधी जोरात, कधी हलकी अशी कशीही चालू लागते. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. साठी-सत्तरीनंतर हा विकार बराच आढळतो. रक्तदाब, मधुमेह आणि वाढते वय ही त्याची नेहमीची कारणे. पण तोच विकार पंचविशीत दिसला, तर प्रश्न निराळा होतो. या वयात असे व्हायचे कारण काय?

आधी नेहमीची कारणे

आपल्याकडे या प्रश्नाचे पहिले उत्तर आजही 'झडप' हेच आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात आणि काही वर्षांनी हृदयाची झडप आकसते. हा ऱ्हुमॅटिक विकार पाश्चात्त्य देशांतून जवळजवळ हद्दपार झाला, भारतातून मात्र झालेला नाही. भारतातील एट्रियल फिब्रिलेशनच्या सुमारे दीड हजार रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील जवळजवळ निम्म्या रुग्णांत झडपेचा हाच विकार होता आणि रुग्णांचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास होते. म्हणून तरुण रुग्ण आला की डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि 'इको' म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायला सांगतात. ती टाळू नये.

दुसरे कारण गळ्यातील थायरॉइड ग्रंथी. ती जास्त काम करू लागली की वजन घटते, हात कापतात, घाम सुटतो आणि नाडी बेताल होते. एका रक्ततपासणीत हे कळते. तिसरे कारण मद्य. शनिवार-रविवारी भरपूर दारू पिऊन सोमवारी धडधडत्या छातीने दवाखान्यात येणाऱ्यांचे वर्णन अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली केले आणि त्याला 'सुट्टीतले हृदय' असे नाव पडले. याखेरीज वाढलेले वजन, चढा रक्तदाब, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणे, हीही कारणे तरुणांत वाढत चालली आहेत.

हे सगळे तपासून झाले, झडप ठीक, थायरॉइड ठीक, दारूचे नाव नाही, रक्तदाबही बरोबर. तरीही नाडी बेताल. मग मात्र डॉक्टरांनी आणि घरच्यांनी एक पाऊल पुढे जाऊन विचार करायला हवा. या शरीराने आईबापांकडून काही वेगळे घेतले आहे का?

वारशाने आलेला ताल

लुई वुल्फ या अमेरिकन डॉक्टरांनी १९४३ सालीच एका घरातील भावंडांना तरुणपणी जडलेल्या एट्रियल फिब्रिलेशनची नोंद केली होती. त्यानंतर बरीच वर्षे अशा घरांकडे अपवाद म्हणूनच पाहिले गेले. २००३ साली चीनमधील एका मोठ्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या विकाराचे मूळ एका जनुकात सापडले. हृदयाच्या पेशीतून पोटॅशियमचे कण बाहेर सोडणाऱ्या बारीक दारांची रचना हे जनुक ठरवते. त्या कुटुंबात ही दारे नको तितकी उघडी राहत होती.

गंमत अशी की, हीच दारे पुरेशी उघडली नाहीत तर दुसराच विकार होतो. ठोका संपल्यावर हृदयाला पुन्हा तयार व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. कार्डिओग्रामवर हा काळ 'क्यूटी' या नावाने मोजतात, म्हणून विकाराचे नाव 'लाँग क्यूटी'. अशी माणसे एरवी धडधाकट असतात. पण पोहताना, धावताना, दचकल्यावर किंवा एकाएकी मोठा आवाज झाल्यावर ती कोसळतात. त्यांची मान वळते, हातपाय झटकले जातात. पाहणाऱ्यांना ती फिट वाटते आणि वर्षानुवर्षे फेफऱ्याची औषधे चालू राहतात. याच विकाराचा एक प्रकार १९५७ साली नॉर्वेमध्ये जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलांत आढळला. आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो. त्यामुळे जवळच्या नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत तो जास्त संभवतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रात आहे, कर्नाटकात तर आहेच. जन्मतः ऐकू न येणारे मूल घाबरल्यावर किंवा पळताना बेशुद्ध पडत असेल, तर त्याचा कार्डिओग्राम एकदा काढलाच पाहिजे.

याच्या उलट विकार 'शॉर्ट क्यूटी'. त्याचे पहिले वर्णन २००० साली झाले, तेही एका सतरा वर्षांच्या मुलीमुळे. तिला एट्रियल फिब्रिलेशनचे झटके येत होते. तिचा कार्डिओग्राम नीट पाहिल्यावर तिच्या आईचा आणि भावाचाही काढला गेला, आणि तिघांतही तोच दोष दिसला. एका मुलीच्या धडधडीने तीन माणसांचे दुखणे उघड केले.

तिसरा विकार 'ब्रुगाडा' या नावाचा. पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या स्पॅनिश भावांनी १९९२ साली त्याचे वर्णन केले. यात हृदय दिसायला अगदी निरोगी, इकोही उत्तम. पण कार्डिओग्रामच्या छातीकडील पट्ट्यांत एक विशिष्ट चढण दिसते आणि अशा माणसाचे हृदय झोपेत किंवा तापात एकाएकी थांबू शकते. ब्रुगाडाच्या साधारण १० ते २० टक्के रुग्णांना एट्रियल फिब्रिलेशनही होते. कधी कधी तेच पहिले लक्षण असते.

चौथा गट हृदयाच्या स्नायूचा. स्नायू जाड होणे, पातळ होऊन फुगणे किंवा त्यात चरबीचे धागे शिरणे, असे हे आजार. स्नायू बिघडल्याचे इकोवर दिसण्याच्या कितीतरी आधी ताल बिघडू शकतो. भारताच्या दृष्टीने येथे एक गोष्ट महत्त्वाची. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी इतरांच्या सहकार्याने २००९ साली दाखवून दिले की, हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरे गळालेली असण्याचा दोष सुमारे ४ टक्के भारतीयांत आहे. असा दोष असलेल्या प्रत्येकाला आजार होतो, असे मुळीच नाही. पण वय वाढेल तसा काहींना स्नायूचा विकार जडतो. वारशाने येणारे हृदयविकार ही काही परदेशातली दुर्मीळ नवलाई नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

किती जणांत सापडते?

अमेरिकेत ६६ वर्षांच्या आत एट्रियल फिब्रिलेशन झालेल्या १,२९३ जणांची जनुके तपासण्यात आली. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील १०.१ टक्के लोकांत हृदयाच्या स्नायूचा किंवा तालाचा आजार घडवणारा दोष आढळला. ज्यांना हा विकार तिशीच्या आत झाला होता त्यांच्यात हे प्रमाण १६.८ टक्के, म्हणजे जवळजवळ सहांत एक होते. साठीनंतर झालेल्यांत ते ७.१ टक्क्यांवर आले. सर्वांत जास्त दोष 'टायटिन' या प्रथिनाच्या जनुकात होते. हृदयाच्या स्नायूला स्प्रिंगसारखी लवचिकता देण्याचे काम हे प्रथिन करते.

या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा. सहांतील पाच तरुणांत असा दोष सापडला नाही, त्यामुळे धडधडीने हाय खाण्याचे कारण नाही. पण सहांत एक हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगेही नाही. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात, पंचेचाळिशीच्या आत आणि दुसरे काही कारण नसताना हा विकार झाला असेल तर जनुकीय तपासणीचा विचार करावा, असे म्हटले आहे.

सर्पगंधेची साक्ष

ब्रुगाडाची खरी अडचण अशी की, तो कार्डिओग्रामवर रोज दिसतोच असे नाही. आज दिसेल, उद्या नाही. अशा वेळी तज्ज्ञ छातीवरच्या पट्ट्या नेहमीपेक्षा एक-दोन बरगड्या वर लावून पुन्हा कार्डिओग्राम काढतात. तरीही शंका राहिली तर एक औषध शिरेतून देऊन लपलेला दोष बाहेर काढतात. त्यातले सर्वांत प्रसिद्ध औषध म्हणजे अजमालिन. त्याचे मूळ आपल्याच सर्पगंधेच्या मुळीत आहे. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ साली ते वेगळे केले आणि त्या संस्थेचे संस्थापक हकीम अजमल खान यांचे नाव त्याला दिले. याच सर्पगंधेवर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी काम केले. रक्तदाबावरील तिच्या उपयोगाबद्दलचा त्यांचा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि तिचे नाव जगभर झाले.

हे वाचून कोणी सर्पगंधेचे चूर्ण घरी घेऊ नये. अजमालिनची चाचणी सगळी सिद्धता असलेल्या रुग्णालयातच होते. ठोका बिघडला तर विजेचा झटका देणारे यंत्र शेजारी तयार ठेवावे लागते. आणखी एक योगायोग असा की, ब्रुगाडा आणि शॉर्ट क्यूटी या दोन्हींत उपयोगी पडणारे क्विनिडिन हे जुने औषधही वनस्पतीचेच, सिंकोनाच्या सालीतून मिळालेले.

औषध उलटते तेव्हा

लपलेले दुखणे ओळखण्याची एवढी धडपड कशासाठी? कारण एट्रियल फिब्रिलेशनचे एकाला तारणारे औषध दुसऱ्याला मारू शकते.

१९३० साली वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तीन डॉक्टरांनी तरुणांतील एका विकाराचे वर्णन केले. त्यांतले वुल्फ म्हणजे वर आलेलेच लुई वुल्फ. या तरुणांच्या हृदयात मधली चौकी चुकवून खाली जाणारी एक जन्मजात आडवाट असते. हा दोष क्वचितच आनुवंशिक असतो, पण तरुणांत पाहायला हवाच. अशा माणसाला एट्रियल फिब्रिलेशन झाले की वरच्या शेकडो ठिणग्या त्या आडवाटेने सरळ खाली उतरतात. अशा वेळी चौकी बंद करणारी व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिनसारखी औषधे दिली, तर सगळी गर्दी आडवाटेनेच धावते आणि हृदय बंद पडू शकते. उलट, हा दोष आधी ओळखला तर मांडीच्या शिरेतून तार घालून ती आडवाट जाळून टाकता येते आणि बहुतेकांना कायमचा गुण येतो.

ब्रुगाडात फ्लेकेनाइड हे ताल सुधारणारे औषध घातक ठरते. लाँग क्यूटीमध्ये सोटालॉल चालत नाही. एवढेच काय, पोटाच्या तक्रारीवर सर्रास घेतली जाणारी डोम्पेरिडोनची गोळी, काही अँटिबायोटिक्स आणि मानसिक आजारावरची काही औषधेही लाँग क्यूटीच्या माणसाला त्रासदायक ठरू शकतात. अशा घरात औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याची सवय सोडावी लागते. ब्रुगाडाच्या घरात ताप अंगावर काढू नये. पॅरासिटामॉल देऊन तो लगेच उतरवावा आणि धडधड किंवा भोवळ वाटली तर रुग्णालय गाठावे.

'झोपेतच गेला' म्हणजे काय?

वारशाने आलेल्या दुखण्याचा माग काढताना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची तपासणी म्हणजे घरच्यांची आठवण. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला तरी हा विकार असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते, असे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ पाहणीत २००४ साली दिसून आले. पण आपल्या घरांत अशा आठवणी वेगळ्याच नावांनी साठवलेल्या असतात. धाकटा काका 'विहिरीत पोहताना बुडाला'. मामा 'झोपेतच गेला'. आत्याला 'फिट यायची'. मोठ्या भावाला 'बाहेरची बाधा' झाली होती. एकेक गोष्ट सुटी असते तोवर तिचा अर्थ लागत नाही. कागदावर वंशवेल काढून प्रत्येक नावापुढे वय आणि मृत्यूचे कारण लिहिले की मग चित्र दिसू लागते. उत्तम पोहणारा माणूस कमरेइतक्या पाण्यात बुडतो, तेव्हा आधी हृदय थांबले असण्याची शक्यता ध्यानात घ्यायला हवी.

भुताखेताचा समज काही आपल्यापुरता नाही. ईशान्य थायलंडमध्ये तरणीताठी पुरुषमाणसे रात्री झोपेत मरत. विधवेचे भूत पुरुषांना नेते अशी समजूत असल्याने कित्येक गावांत पुरुष बायकी कपडे घालून आणि नखे रंगवून झोपत. फिलिपिन्स आणि जपानमध्येही अशा मृत्यूंना जुनी स्थानिक नावे आहेत. १९९७ साली थायलंडमधील अशा प्रसंगातून वाचलेल्यांचे कार्डिओग्राम अभ्यासले गेले, तेव्हा अनेकांत ब्रुगाडाची खूण सापडली.

कर्नाटकात हा विषय गेल्या काही वर्षांत घरोघरी बोलला गेला. लोकप्रिय अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या ४६व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हा बंगळूरच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी रांगा लागल्या. त्यांच्या नावाने २०२३ साली 'हृदयज्योती' योजना सुरू झाली. तालुक्याच्या रुग्णालयात काढलेला कार्डिओग्राम दूरच्या तज्ज्ञांकडून लगेच वाचून घेण्याची सोय त्यात आहे. २०२५ साली हासन जिल्ह्यातील तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंच्या बातम्यांनी पुन्हा खळबळ उडाली. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि रुग्णालयाबाहेर होणाऱ्या आकस्मिक मृत्यूंची नोंद व शवविच्छेदन व्हावे, असे जाहीर केले.

हे पाऊल योग्यच. पण घरच्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. हृदयवाहिनीतील गुठळी किंवा जाड झालेला स्नायू शवविच्छेदनात दिसतो. निव्वळ तालाचा विकार दिसत नाही, कारण वीज थांबल्यावर तिची खूण मागे उरत नाही. 'काहीच सापडले नाही' हा अहवाल म्हणजे शेवट नव्हे. अशा वेळी जनुकीय तपासणीसाठी रक्त राखून ठेवता येते का, हे डॉक्टरांना विचारावे, आणि मृताचे आईवडील, भावंडे व मुले यांचे कार्डिओग्राम काढून घ्यावेत. दुःखाच्या त्या दिवसांत हे सुचणे कठीण असते. म्हणून नातलगांपैकी एखाद्या शांत डोक्याच्या माणसाने ही जबाबदारी घ्यावी.

सांगावे की लपवावे?

या विकारांपैकी पुष्कळ असे आहेत की, आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडे दोष असेल तर प्रत्येक मुलाकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते. नाणे उडवावे तशी. म्हणून एका माणसात दोष नक्की झाला की त्याच्या जवळच्या नातलगांनी तपासून घ्यावे. ज्यांच्यात तो नाही त्यांची काळजी मिटते, ज्यांच्यात आहे त्यांना उपाय करता येतात.

पण घोडे अडते ते येथेच. मुलीचे लग्न ठरत असते. 'घराण्यात हृदयाचे दुखणे' ही बातमी पसरली तर स्थळे येणार नाहीत, या भीतीने अहवाल कपाटात जातो. मुलगी सासरी जाते, पहिले बाळंतपण होते आणि त्या दगदगीत पहिला झटका येतो. लाँग क्यूटीच्या एका प्रकारात बाळंतपणानंतरचे महिनेच जास्त धोक्याचे असतात. माहिती असती तर साध्या गोळ्यांनी आणि देखरेखीने हे टाळता आले असते. लपवलेले दुखणे लग्न जमवून देईल, पण संसार सांभाळणार नाही. जनुकातील दोष हा कोणाचा अपराध नाही. तो सांगताना मान खाली घालण्याचे कारण नाही, आणि तो ऐकणाऱ्यांनीही त्यावरून मुलीला किंवा तिच्या माहेराला बोल लावू नये.

विम्याची धास्तीही अनेकांना वाटते. हृदयाच्या स्नायूच्या एका वंशगत आजाराचा दावा विमा कंपनीने नाकारला, तेव्हा २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी विमा नियामक प्राधिकरणानेही जनुकीय आजाराचे कलम पुढे करून आरोग्य विम्याचे दावे नाकारू नयेत, असे कंपन्यांना कळवले. अर्ज भरताना माहिती खरी द्यावी आणि कागदपत्रे जपून ठेवावीत, हे मात्र आवश्यक.

घरच्या घरी नाडी

मनगटी घड्याळे आता नाडी मोजतात आणि ताल बिघडल्याचा इशाराही देतात. ज्यांच्याकडे असे घड्याळ नाही त्यांना तीन बोटे पुरेशी आहेत. पाच मिनिटे स्वस्थ बसावे. अंगठ्याच्या रेषेत मनगटावर तीन बोटे हलकेच ठेवावीत आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण बेताल नाडी तेवढ्यात हाती लागत नाही. श्वासाबरोबर नाडी किंचित कमीजास्त होणे तरुणांत स्वाभाविक आहे. अधूनमधून एखादा ठोका चुकणेही बहुधा निरुपद्रवी. पण ठोक्यांना कसलाच धरबंध नसेल, तर त्याच वेळी, धडधड चालू असतानाच, जवळच्या दवाखान्यात जाऊन कार्डिओग्राम काढावा. धडधड थांबल्यावर काढलेला कार्डिओग्राम सरळ येऊ शकतो. काढलेली पट्टी फेकू नये. तिचे छायाचित्र काढून तारखेसह ठेवावे, कारण तीच पुढे तज्ज्ञांच्या सर्वांत उपयोगी पडते.

तरुण व्यक्तीच्या बाबतीत पुढीलपैकी काहीही असेल, तर हृदयाच्या तालाच्या तज्ज्ञांना दाखवण्यात दिरंगाई करू नये :

• धडधडीबरोबर घेरी किंवा शुद्ध हरपणे. विशेषतः धावताना, पोहताना, दचकल्यावर किंवा झोपेत.

• फेफऱ्याची औषधे नियमित घेऊनही 'फिट' न थांबणे आणि कार्डिओग्राम कधीच काढलेला नसणे.

• पंचेचाळिशीच्या आत एट्रियल फिब्रिलेशन, आणि झडप, थायरॉइड, रक्तदाब, मद्य यांपैकी कोणतेच कारण न सापडणे.

• रक्ताच्या नात्यात चाळिशीच्या आत आकस्मिक मृत्यू, कारण न कळलेले बुडणे किंवा तरुणपणी बसवलेला पेसमेकर.

• जन्मतः बहिरेपण आणि बेशुद्ध पडण्याचे प्रसंग.

कोणी समोर कोसळले, हाकेला ओ देत नसले आणि श्वास नीट चालत नसला, तर पाणी शिंपडण्यात किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाब देत राहावे.

निदान झाले म्हणजे आयुष्य संपले, असे कोणी समजू नये. कोणाला रोजची एक गोळी पुरते, कोणाला तारेने आडवाट जाळून घ्यावी लागते, तर कोणाच्या छातीत ताल सांभाळणारे छोटे यंत्र बसते. ही माणसे नोकरी करतात, लग्न करतात, मुले वाढवतात. त्यांना जपायच्या असतात त्या चार गोष्टी : औषध न चुकवणे, ताप अंगावर न काढणे, कोणत्याही नव्या डॉक्टरला आपला आजार आधी सांगणे आणि वर्षातून ठरल्या वेळी तपासणी. आणि घरच्यांना करायची असते ती एकच गोष्ट. दिवाळीला किंवा लग्नकार्याला चार नातलग एकत्र जमले की वंशवेलीचा कागद पुढे ठेवून आजी-आजोबांना विचारावे, 'आपल्यात तरुणपणी कोण गेले, आणि कसे?' त्या उत्तरात घरातल्या धाकट्यांचा जीव राखण्याची वाट असू शकते.